खुनी सापडतो, पुस्तक सापडत नाही

पुण्यात काय जमवले जात नाही? कुणी नाणी जमवतो, कुणी काडेपेट्यांचे छाप, कुणी नाट्यसंगीताच्या तबकड्या. बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात एक चक्कर टाकली, की एखाद्या माणसाने मनावर घेतले तर काय होऊ शकते ते दिसते. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्या वस्तूंना कुणी 'ठेवा' म्हणत नव्हते. घरोघरी त्या अडगळीत पडलेल्या होत्या. आज त्याच वस्तू पाहायला तिकीट काढून माणसे येतात.

मी काय जमवतो ते सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येते. मी रहस्यकथा जमवतो. त्याही मराठी, त्याही शक्यतो पहिल्या आवृत्तीच्या आणि नशीब जोरावर असेल तर लेखकाच्या स्वाक्षरीच्या. ज्ञानकोशाचे खंड किंवा जुनी नियतकालिके जमवणाऱ्याला समाजात मान असतो. झुंजार आणि काळा पहाड जमवणाऱ्याला मात्र 'अजून वाचता का हो असले?' एवढेच विचारले जाते. आमच्या घरातले मतही फारसे निराळे नाही. "अहो, त्या कपाटातून वाळवी बाहेर आली तर तिचा तपास मात्र तुम्हीच करायचा," असे मला बजावून ठेवलेले आहे.

पण ही हौस काही माझ्याच डोक्यातून निघालेली नाही. इंग्लंड-अमेरिकेत तिचा मोठा व्यापार चालतो. गुन्हेगारी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या विकणारी स्वतंत्र दुकाने तिथे आहेत आणि मोठमोठे लिलावही होतात. त्या मंडळींचे सोवळे फार कडक. पुस्तक पहिल्या आवृत्तीचे आहे एवढ्याने भागत नाही, ते पहिल्या छपाईचे हवे. वरचे कागदी वेष्टन शाबूत हवे, कारण पुष्कळदा पुस्तकापेक्षा वेष्टनाचीच किंमत जास्त असते. भेट देताना लोक वेष्टनाच्या कोपऱ्यातली छापील किंमत कात्रीने उडवतात, तशी ती उडवलेली नसावी. आत कुणाचे नाव नको, पान दुमडलेले नको, फक्त लेखकाची सही हवी. आणि ग्रंथालयाचा शिक्का असेल तर संपलेच, ते पुस्तक त्यांच्या लेखी बाटलेले!

लेखकाच्या पहिल्याच कादंबरीला तर सोन्याचा भाव येतो, कारण तेव्हा तो अनोळखी असतो आणि प्रकाशक जपून प्रती छापतो. २०१३ साली रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या कुणा नवख्या लेखकाची 'द कुकूज कॉलिंग' ही कादंबरी आली. लोकांनी फारशी दखल घेतली नाही. पक्क्या बांधणीच्या दीडएक हजार प्रती खपल्या. जुलै महिन्यात बातमी फुटली, की हा गॅलब्रेथ म्हणजे दुसरे-तिसरे कुणी नसून हॅरी पॉटरच्या जनक जे. के. रोलिंग आहेत. ज्यांच्याकडे पहिल्या छपाईची प्रत पडून होती, त्यांना त्या दिवशी घरबसल्या लॉटरी लागली.

या हौसेतली मला सर्वांत आवडणारी हकिकत मात्र याहून जुनी आहे. शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापील कागदावर आला तो १८८७ साली, 'बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल' या नाताळच्या अंकात. आपल्याकडे दिवाळी अंक असतात, त्यातलाच प्रकार. किंमत एक शिलिंग. कॉनन डॉइलला त्या कथेचे सगळे हक्क देऊन मिळाले अवघे पंचवीस पौंड. अफगाण युद्धावर निघालेला डॉ. वॉटसन बोटीतून मुंबईला उतरला होता, हे ज्या कथेत आहे तीच ही 'अ स्टडी इन स्कार्लेट'. लोकांनी अंक वाचला, नाताळ संपला, अंक फेकून दिला. आज जगभरात त्या अंकाच्या तिसांच्या आसपास प्रती उरल्याची नोंद आहे. त्यातली एक २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात एक लाख छप्पन हजार डॉलरला गेली.

यातले मर्म असे, की महागडी, चामडी बांधणीची पुस्तके टिकतात, कारण ती कुणी फेकत नाही. स्वस्त आणि लोकप्रिय पुस्तके मात्र हजारोंनी छापली जाऊनही नाहीशी होतात. ज्याचे वाचून झाले ते जपायचे कशाला, असे सगळ्यांनाच वाटते. आपल्या रहस्यकथांचे नेमके हेच झाले आहे आणि आपल्या डोळ्यांसमोर झाले आहे.

मराठी वाचकाला रहस्याची चटक लागली ती काही काल-परवा नव्हे. गो. ना. दातारांच्या 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ती' या कादंबऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी कंदिलाच्या उजेडात वाचल्या. पण घराघरांत रहस्यकथा नेली ती बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. गिरगावातल्या या गृहस्थांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गिनेस बुकानेही त्या संख्येची दखल घेतली. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसे एका पिढीला नातेवाइकांइतकी ओळखीची होती. १९९६ साली नव्वदीच्या घरात ते गेले. त्यांच्या पुस्तकांवर रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे असत. ऐटदार टोपी, हातात पिस्तूल, मागे अंधार आणि त्या अंधारातून पाहणारी एक स्त्री. पुस्तक उघडण्याआधीच निम्मे रहस्य डोळ्यांत शिरत असे.

सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईक आले. त्यांचा कॅप्टन दीप, त्यांचा गोलंदाज, त्यांचा शिलेदार. त्यांच्या पुस्तकांची संख्याही हजाराच्या पुढची. मूळचे गोव्याचे नाईक २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या पुण्यातच निवर्तले. नारायण धारपही पुण्याचेच. त्यांनी भयकथेचे स्वतंत्र दालन उघडले. आणि सुहास शिरवळकर तर अस्सल पुणेरी. 'दुनियादारी'मुळे आजची तरुण मुले त्यांना ओळखतात. पण त्याआधी आणि त्याबरोबर त्यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास अशी पात्रे घेऊन रहस्यकथांची रांग लावली होती. २००३ साली, पंचावन्नाव्या वर्षी ते गेले तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यांवर हळहळ झाली, ती एखाद्या मित्रासाठी व्हावी तशी.

आता जरा हिशेब मांडू. अर्नाळकरांचे एकेक पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचे. जाडी अर्धा सेंटिमीटर धरली तरी हजार पुस्तकांना पाच मीटर फळी लागेल. म्हणजे बैठकीच्या खोलीतले एक बऱ्यापैकी कपाट. आपल्या भाषेतला सर्वांत वाचला गेलेला लेखक एका कपाटात मावतो. पण असे भरलेले कपाट मी आजवर पाहिलेले नाही. गेली तीस वर्षे मी जमवतो आहे. माझ्याकडे अर्नाळकरांची दोनशे सदतीस पुस्तके आहेत आणि त्यातली मुखपृष्ठासह धड अशी साठसुद्धा नाहीत.

मग पुस्तके गेली कुठे? त्याचे उत्तर आपल्या वाचनालयांत आहे. या कादंबऱ्या विकत घेऊन घरी ठेवणारी माणसे मुळातच थोडी. त्या छापल्या जात त्या गल्लोगल्लीच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांसाठी. नारायण पेठेत आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर जिन्याखालच्या जागेत अशी एक लायब्ररी होती. दिवसाला दहा पैसे भाडे. मालक काउंटरवर बसून तोंडाने हिशेब करायचे आणि हाताने फाटलेली पुस्तके चिकटवायचे. नवे पुस्तक आले, की ते आधी मुखपृष्ठावर खाकी कागद चढवत, मग पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का मारत. पुस्तक फारच खिळखिळे झाले, की तीन-चार कादंबऱ्या एकत्र शिवून त्यांचे एक जाड बाड करत. बांधणीच्या वेळी आड येणारी मुखपृष्ठे अर्थातच काढून टाकली जात. मुळगावकरांची किती चित्रे अशी बाइंडरच्या पायाखाली गेली असतील, याची गणती कुणी करायची?

म्हणून लंडनच्या संग्राहकाचे सोवळे आपल्याकडे चालत नाही. शिक्का नसलेली मराठी रहस्यकथा शोधायची म्हणजे न भिजता पोहायला शिकण्यासारखे आहे. मी तर आता उलट शिक्काच आधी पाहतो. एकाच पुस्तकावर शनिवार पेठ, मग सातारा, मग कऱ्हाड असे तीन शिक्के मला सापडले आहेत. एक लायब्ररी बंद पडली, की दुसरी तिचा माल उचलत असे. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एका महिन्यात बावीस नावे दिसतात. कडेला शेरे असतात : 'छान', 'बंडल', 'पुढचे पान कोणी फाडले त्याला देव बघून घेईल'. आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा एक महाभाग प्रत्येक पेठेत होता, याचा लेखी पुरावा माझ्याजवळ आहे.

पहिली आवृत्ती ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न. इंग्रजी पुस्तकात सालाचे पान असते. आपल्या या स्वस्त कादंबऱ्यांवर साल अनेकदा छापलेलेच नसते किंवा ते पानच गळून गेलेले असते. मग वाचकालाच धनंजय व्हावे लागते. पुरावे पुस्तकातच असतात, फक्त पाहणारा डोळा हवा. किंमत 'बारा आणे' असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नवे पैसे' असतील तर ते त्यानंतरचे आणि साधारण १९६४ पर्यंतचे. त्या वर्षीच्या जूनपासून 'नवे' हा शब्द सरकारने काढून टाकला. पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर ते १ मे १९६० च्या अगोदरचे. छापखान्याचा पत्ता 'पुणे २' किंवा 'पुणे ३०' असा असेल तर ते बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे. त्या दिवशी पिनकोड आला आणि पुणे ३० चे ४११०३० झाले. मलपृष्ठावरची 'आमची आगामी प्रकाशने' ही यादी तर फार कामाची. तिच्यात ज्या पुस्तकापुढे 'छापत आहे' असे लिहिलेले असते, त्याच्या आधी आपल्या हातातले पुस्तक निघालेले असणार, हे उघड आहे.

पुण्याच्याच शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'चे दोन थोर खंड रचले. पहिल्यात १८०० ते १९३७ ची पुस्तके, दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची. एका माणसाने पुस्तकामागे पुस्तक पाहून केलेले ते काम पाहिले, की आपल्या तपासाला बळ येते. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी हेच सगळे बारकावे डोक्यात घेऊन हिंडत असतो. पुस्तक हातात घेतले, की विक्रेता आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. चेहरा खुलला तर किंमत वाढते. म्हणून झुंजार दिसला तरी त्याच्या शेजारचे पाककृतीचे पुस्तक उचलायचे, हे या धंद्यातले पहिले शहाणपण.

स्वाक्षरीची गोष्ट आणखी अवघड. पाश्चात्य लेखक दुकानात बसून रांगेतल्या वाचकांना शेकड्याने सह्या देतात. आपल्या रहस्यकथाकारांना कोण बोलावत होते? साहित्य संमेलनाच्या मांडवात त्यांची खुर्ची नसे, समीक्षेच्या पुस्तकात त्यांचे नाव नसे. महिन्याला दोन-तीन पुस्तके हातावेगळी करणाऱ्या माणसाला सह्या करायला सवड तरी कुठली? त्यामुळे ज्या थोड्या सह्या आढळतात त्या बहुतेक भेटीच्या असतात. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, भाच्याच्या मुंजीत. इंग्रजीत अशा प्रतीला मोठा मान असतो. लेखक आणि भेट घेणारा यांच्यातला खरा संबंध ती दाखवते, म्हणून नुसत्या सहीपेक्षा ती मोलाची.

माझ्या संग्रहातली सर्वांत मोलाची प्रत अशीच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी कर्वेनगरच्या बाजूला एका रद्दीवाल्याकडे ती मिळाली. पुण्याच्याच एका रहस्यकथाकाराचे पुस्तक. मुखपृष्ठ अर्धे, तारेच्या टाचण्या गंजलेल्या, पहिल्या पानावर लायब्ररीचा जांभळा शिक्का. रद्दीवाला म्हणाला, "काका, हे घेऊन काय करणार? पानं तर सुटलीत." मी पहिले पान उघडले. शिक्क्याच्या खाली निळ्या शाईत लेखकाची सही होती आणि सहीवर दोन ओळी. ती भेट दिली होती लायब्ररीच्या मालकांना. तुम्ही पुस्तके लोकांच्या हातात देता म्हणून माझी चूल पेटते, असा त्या दोन ओळींचा आशय. आणि मालकांनी काय केले होते? ती भेटीची प्रत त्यांनी घरी नेली नव्हती. त्यांनी तिच्यावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि ती भाड्याने दिली. मागच्या चिठ्ठीवर शंभराहून अधिक तारखा आहेत.

लंडनचा संग्राहक हे पुस्तक चिमट्यानेही उचलणार नाही. मला मात्र वाटते, की मराठी रहस्यकथेचा सगळा इतिहास त्या एका पानावर आहे. लिहिणारा, पुरवणारा आणि वाचणारा, तिघांच्याही खुणा शेजारी-शेजारी. कोरी करकरीत प्रत मला हे सांगू शकली नसती.

हे प्रेम सगळीकडेच असे दुर्लक्षित राहते, असेही नाही. बंगाल्यांचे पाहा. व्योमकेश बक्षी हा त्यांचा सत्यान्वेषी आपल्याला १९९३ च्या दूरदर्शन मालिकेमुळे माहीत झाला. त्याचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय हे पुण्यात राहत होते, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे? मुंबईच्या चित्रपटसृष्टीला रामराम ठोकून ते १९५२ साली पुण्यात स्थायिक झाले आणि १९७० साली निधन होईपर्यंत पुणेकरच होते. व्योमकेशाच्या निम्म्याहून अधिक कथा त्यानंतरच्या आहेत. एका कथेत तर त्यांनी त्याला महाबळेश्वरला आणले. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथाही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. व्योमकेशाची शेवटची कथा अपुरी राहिली, ती त्यांच्या मृत्यूमुळे. बंगालमध्ये त्यांचे सगळे लेखन खंडाखंडांत उपलब्ध आहे. आजही मुलगा कॉलेजात गेला, की बाप त्याला व्योमकेश भेट देतो. रहस्यकथा वाचणे हा तिथे चोरून करायचा उद्योग नाही.

आपण मात्र भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले, मोठे झाल्यावर विसरलो आणि आता रद्दीत घालतो आहोत. सत्तरीत दूरदर्शन आले, १९८५ साली 'करमचंद' गाजर खात घरात शिरला, नव्वदीत केबल आली आणि कोपऱ्यावरच्या लायब्रऱ्या एकेक करून मिटल्या. त्यांचा माल किलोच्या भावाने गेला. आता पेठांतले वाडे पडून इमारती उभ्या राहत आहेत. माळे रिकामे होतात. नव्या सदनिकेत माळाच नसतो. मुले परदेशी असतात, त्यांना आठ दिवसांत सगळे आवरून परत जायचे असते. आजोबांच्या ट्रंकेतल्या पोथ्या कुणीतरी जपून नेतो. त्याच ट्रंकेतल्या काळ्या पहाडाला कुणी वाली नसतो.

कुणी म्हणेल, आजकाल सगळे संगणकावर असते, काळजी कशाला? इथेच खरी मेख आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क अबाधित राहतात. अर्नाळकर १९९६ साली गेले. म्हणजे त्यांचे लेखन सर्वांना मोकळे होईल ते २०५७ च्या जानेवारीत. लेखकाच्या वारसांचा हा हक्क रास्तच आहे. काही निवडक रहस्यकथा पुन्हा छापल्याही गेल्या आहेत. पण उरलेल्या शेकडो पुस्तकांचा तो हलका, पिवळा कागद २०५७ पर्यंत थांबणार नाही. आजच तो बोटाखाली बिस्किटासारखा तुटतो.

कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याकडे असलेल्या छापील पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत करून ठेवता येते. अट एवढीच, की छापील प्रत आधी त्या ग्रंथालयात हवी. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मद्रास, मुंबई, दिल्ली येथील एकेका ग्रंथालयाला धाडायच्या आहेत. मोठे प्रकाशक ते करतात. पण एका खोलीत चालणाऱ्या, महिन्याला दहा कादंबऱ्या काढून चार वर्षांत बंद पडणाऱ्या प्रकाशकाने हा टपालखर्च नेमाने केला असेल, अशी आशा धरणे म्हणजे खुन्यानेच पोलिसांत वर्दी द्यावी अशी अपेक्षा करण्यासारखे आहे.

माझे वय आता अडुसष्ट. मुलगी सिंगापूरला, मुलगा बंगळुरूला. दोघेही वाचतात, पण मराठी रहस्यकथांचे चौदा खोके घेऊन विमानात बसणार नाहीत. मागच्या वर्षी मी एका ग्रंथालयात विचारणा केली. संग्रह विनामूल्य देतो, सूचीही मीच करून देतो, म्हटले. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या. जागा नाही, म्हणाल्या, आणि असल्या पुस्तकांना मागणीही नाही. मग थोडा आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "यात कॅप्टन दीप आहे का हो? बाबा वाचायचे आमचे." मी पुढच्या आठवड्यात त्यांना एक नेऊन दिला, वाचून परत करण्याच्या बोलीवर. तो अजून आलेला नाही, आणि मी मागितलेलाही नाही.

तेव्हा ग्रंथालयांची वाट पाहत असताना, जतनाचे काम घरातच सुरू करावे लागेल. ते फार अवघड नाही. या रविवारी माळ्यावर हात घातलात आणि अशी पुस्तके निघाली, तर लगेच रद्दीवाल्याला हाक मारू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती पाच-सात वर्षांत पिवळी पडून अक्षरांसकट निघते. तारेच्या टाचण्या गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढून साध्या सुती दोऱ्याने टाके घाला. उन्हात वाळत घालू नका, सावलीत वारा द्या. पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका आणि महिन्यातून एकदा पुस्तके हलवा. कसर लागते ती न हलवलेल्या पुस्तकाला. मुखपृष्ठ सुटले असेल तर पुस्तकातच घालून ठेवा. आणि एका वहीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि असतील ते शिक्के उतरवून ठेवा. पुस्तक उद्या गेले तरी ते होते याची नोंद राहील. दात्यांनी तेच केले होते.

आज मराठीत रहस्यकथा लिहिणारे तरुण लेखक आहेत. त्यांचे पुस्तक आवडले तर विकत घ्या आणि भेट झाली तर सही घ्या. सहीखाली तारीख आणि गाव लिहायला सांगा. त्या पुस्तकाला पुढे भाव येईल न येईल, ते जाऊ द्या. पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी हाती ते पडेल आणि अमुक साली पुण्यात एका माणसाने हे लिहिले, दुसऱ्याने आवडीने वाचले, एवढे त्याला कळेल.

माझ्या त्या चौदा खोक्यांची सूची निम्मी झाली आहे. पाचव्या खोक्यात परवाच एक बाड उघडले, चार कादंबऱ्या एकत्र शिवलेले. तिसऱ्या कादंबरीचे शेवटचे पान नाही. कोणीतरी फाडून नेले आहे. खून कोणी केला ते मला कळलेले नाही. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर शेवटचे पान असलेली प्रत असू शकेल, म्हणून तर हा सगळा खटाटोप.